आपल्या मंडळाची पत्त्यांची वही कुणाच्या कपाटात आहे?

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडायचं असेल तर जरूर भांडा.

विषय ऐकायला रुक्ष आहे. ऑफिसातून निघालेल्या जुन्या कॉम्प्युटरवर आपल्या मराठी शाळेची, मंडळाची, ढोलपथकाची स्वतःची मेलिंग लिस्ट चालवायची. मेलिंग लिस्ट म्हणजे एक सामायिक पत्ता. त्यावर एकाने पत्र टाकलं की यादीतल्या सगळ्यांना पोचतं, उत्तर दिलं तर तेही सगळ्यांना दिसतं आणि प्रत्येक पत्राची प्रत तारखेसकट फाइलला लागते. बस्स, एवढंच.

हा विषय प्लेनोत चार लोकांत काढला की दोन उत्तरं ठरलेली. "अगं, व्हॉट्सॲप आहे की!" आणि "आता ईमेल कोण वाचतं?" दोन्ही उत्तरं देणारे लोक माझ्याहून जास्त शिकलेले आहेत, त्यातले निम्मे सॉफ्टवेअरमध्येच आहेत. तरी मी म्हणते, दोन्ही उत्तरं आळसाची आहेत, आणि त्या आळसाची किंमत आपली मुलं मोजणार आहेत.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, इंजिनिअर नाही. म्हणून हिशेबाच्या बाजूने बोलते. आमच्याकडे मालमत्ता कशाला म्हणतात? जिच्यावर तुमचं नियंत्रण आहे तिला. नुसती वापरात आहे म्हणून एखादी वस्तू तुमच्या ताळेबंदात येत नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून तुम्ही रोज ऑफिसला जाता म्हणून ती गाडी तुमची होते का? तो उद्या ह्यूस्टनला गेला की तुम्ही रस्त्यावर.

आता सांगा, आपल्या मंडळाची सगळ्यात मोलाची मालमत्ता कोणती? स्टोरेज युनिटमध्ये पडलेलं गणपतीचं मखर नाही, स्पीकर नाहीत, बँकेतली शिल्लकही नाही. दोनशे घरांचे पत्ते आणि त्या दोनशे घरांनी एकमेकांना लिहिलेलं सगळं, ही खरी मालमत्ता. मखर पुन्हा बनवता येतं. कोणत्या वर्षी शाळेत कोणता अभ्यासक्रम घेतला, तो का बदलला, हॉलचं भाडं किती पडलं, कुठल्या आजींनी मोदकांचं प्रमाण सविस्तर लिहून पाठवलं, हे पुन्हा बनवता येत नाही. आणि ही मालमत्ता कुणाच्या ताब्यात आहे? तीन-चार जणांच्या फोनमध्ये, आणि त्या फोनच्या पलीकडे अशा कंपन्यांकडे ज्यांना आपलं मंडळ आहे हेसुद्धा माहीत नाही.

"असं कधी काही होत नाही गं." होतं. झालेलं आहे. याहू ग्रुप्स आठवतात? २००० नंतरच्या दशकात परदेशातल्या मराठी मंडळींचं अर्धं सार्वजनिक आयुष्य तिथे चालायचं. कॉलेजच्या बॅचेस, मंडळांच्या समित्या, 'नवीन आलोय, घर कुठे बघू' विचारणारी नवी जोडपी. ऑक्टोबर २०१९मध्ये कंपनीने जाहीर केलं की साठवलेला मजकूर काढून टाकणार. ज्यांना बातमी वेळेत कळली त्यांनी आपापला मजकूर उतरवून घेतला, बाकीच्यांचा गेला. १५ डिसेंबर २०२० रोजी दुकान पूर्ण बंद. ऑर्कुट त्याआधीच, ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं होतं. गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये. यात कुणी कुणाला फसवलं नाही. कंपनीला परवडेना, कंपनीने बंद केलं. मी त्यांची ऑडिटर असते तर मीही तोट्यातल्या खात्यावर बोट ठेवलं असतं. म्हणूनच तर सांगते, त्यांच्या नफ्यातोट्याला आपली वही बांधून ठेवू नका.

आणि उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे. मायबोली १९९६च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली. त्या काळात इंटरनेटवर देवनागरी धड दिसत नसे, लोक रोमन अक्षरांत मराठी लिहायचे. याहू ग्रुप्स आलं आणि गेलं, ऑर्कुट आलं आणि गेलं, मायबोली आजही आहे. कारण ती मराठी माणसांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खर्चाने चालवली. पैसा मोठा नव्हता, चिकाटी होती.

इथल्या इथे एक परीक्षा घ्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०१९च्या जुलैत आपल्या डॅलसला झालं. तुमच्यापैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या समितीत राबले असतील. तुमच्या समितीतली तेव्हाची बोलणी आज शोधून काढा. जेवणाचा अंदाज कसा बांधला, स्वयंसेवकांच्या पाळ्या कशा लावल्या. सापडलं? ज्यांचं ईमेलवर होतं त्यांना सापडेल. ज्यांचं फोनवरच्या गटात होतं त्यांनी तेव्हापासून किती फोन बदलले ते मोजा.

आता जुन्या कॉम्प्युटरकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

भारताच्या २०१३च्या कंपनी कायद्यात डेस्कटॉप आणि लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं धरलं आहे, सर्व्हरचं ६ वर्षं. अमेरिकेत करासाठी कॉम्प्युटरचा घसारा ५ वर्षांच्या वर्गात बसतो. म्हणजे आमच्यासारखे लोक वहीत शून्य लिहितात आणि यंत्र मात्र ठणठणीत चालू असतं. पुस्तकातली किंमत आणि वस्तूची उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात आणि आपण पहिल्या पगाराला विसरतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक इंटेल चिप्सना विंडोज ११ अधिकृतपणे घेतच नाही. परिणाम काय? डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर, डबाभर आकाराची उत्तम यंत्रं ऑफिसांतून ढिगाने बाहेर पडली. आणि आपण राहतो कुठे? लेगसीच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांची कचेरी शेजारी कचेरी आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या ऑफिसात असं यंत्र भंगाराच्या यादीत आहे. फक्त उचलून आणू नका हं! आयटी विभागाची लेखी परवानगी घ्या, आणि डिस्क त्यांच्याकडून कोरी करून किंवा काढूनच घ्या. ऑडिटर म्हणून हे सांगायलाच हवं.

घ्यायचं काय आणि सोडायचं काय, तेही सांगते. फुकट मिळतो म्हणून जुना रॅकमधला मोठा सर्व्हर घरी आणू नका. हिशेब बघा. तो सतत १५० वॉट ओढत असेल तर वर्षाला सुमारे १,३०० युनिट वीज, १५ सेंट दराने जवळजवळ २०० डॉलर. शिवाय आवाज असा की पाहुणे विचारतील. तेच लहान डबा १५ वॉटवर चालतो, म्हणजे वर्षाला सुमारे १३० युनिट, २० डॉलर. फुकट वस्तू महाग कशी पडते याचं याहून सोपं उदाहरण मुलांना देता येणार नाही. ३२ बिटांचं यंत्रही सोडा, डेबियनच्या नव्या आवृत्तीत त्याच्यासाठी इन्स्टॉलर नाही. ६४ बिटांचं, ४ ते ८ जीबी मेमरीचं यंत्र दोनशे घरांना पुरून उरतं.

आणल्यावर पंख्यातली धूळ झटका. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी बदला. मेमरीची तपासणी रात्रभर चालवा. जुनी फिरती डिस्क असेल तर काढून नवी एसएसडी घाला, इथे कंजुषी नको. बायोसमध्ये 'वीज गेली आणि परत आली तर आपोआप चालू हो' हा पर्याय असतो, तो लावा. आणि गराजमध्ये ठेवू नका! जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर शंभर फॅरनहाइट असताना आपल्या गराजची भट्टी होते. घरात, एसी पोचतो अशा कपाटात, यूपीएसला जोडून ठेवा.

त्यावर डेबियन, पत्रं पोचवायला पोस्टफिक्स आणि यादी सांभाळायला मेलमन. तिन्ही विनामूल्य, तिन्ही वर्षानुवर्षं जगभर वापरलेली. एका हुशार सोळा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला एका मोठ्याच्या सोबतीने दोन-तीन वीकेंडचं काम आहे.

आता अडचणी. त्या लपवल्या तर ही पोस्ट जाहिरात होईल.

पहिली अडचण अशी की घरच्या इंटरनेटवरून थेट पत्रं पाठवता येत नाहीत. बहुतेक कंपन्या घरगुती जोडणीवर पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि घरगुती पत्त्यावरून आलेलं पत्र जीमेल दारातच संशयाने बघतं. त्यावर उपाय म्हणजे दाराशी एक भाड्याचा पोस्टमन ठेवायचा. महिना पाच-एक डॉलरचं छोटं भाड्याचं यंत्र, स्थिर पत्त्याचं. पोर्ट २५ उघडं देतात का ते आधी विचारून घ्या. पत्रं तिथे येतात, तिथून सुरक्षित बोगद्याने घरच्या यंत्रात जातात, बाहेर जाणारीही त्याच वाटेने जातात. घरची वीज गेली तर पोस्टमन टपाल धरून ठेवतो. पोस्टफिक्सची नेहमीची मुदत पाच दिवसांची आहे. फेब्रुवारी २०२१ची थंडी आठवा, टेक्सासात कितीतरी घरं दिवसच्या दिवस अंधारात होती. फोनची बॅटरी संपली की आपण संपलो होतो. ईमेलची घडणच अशी की समोरचा सापडला नाही तर थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. आपल्या जुन्या पोस्टमनकाकांसारखी.

दुसरी अडचण ओळखपत्रांची. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. आपलं पत्र खरंच आपल्याकडून आलंय हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनवर लावाव्याच. रोज हजारो पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या आहेत, आपल्यासारख्या लहानांनीही लावलेल्या बऱ्या. आणि कितीतरी काका-काकूंचा पत्ता अजून याहूचाच असतो. २०१४च्या एप्रिलमध्ये याहूने आपलं धोरण बदललं आणि जगभरच्या मेलिंग लिस्टवरून त्यांच्या सभासदांची पत्रं परत येऊ लागली. मेलमनमध्ये त्यावर तोड आहे, पाठवणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता लावायचा. एक खूण करायची, काम होतं. पण ती करायची असते हे माहीत हवं.

तिसरी अडचण सवयीची. सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतील असं करून ठेवा. पत्रांची फाइल फक्त सभासदांना उघडी ठेवा. यादीत फक्त पालकांचे पत्ते घ्या, मुलांचे नकोत. दर महिन्याला एक प्रत दुसऱ्या घरी जाऊ द्या. पासवर्ड दोन वेगळ्या घरांत हवेत, नवरा आणि बायको ही दोन घरं नव्हेत!

एवढ्यावर कुणीतरी म्हणेलच, "मग भाडं देतेच आहेस, तर सगळंच त्या भाड्याच्या यंत्रावर ठेव. घरी डबा कशाला?" हा खरा प्रश्न आहे, व्हॉट्सॲपवाल्यांसारखा टाळाटाळीचा नाही. उत्तर असं: पोस्टमन भाड्याचा चालतो, वही भाड्याची चालत नाही. पोस्टमन आवडला नाही तर बदलू, पत्त्यांच्या वहीला धक्का लागत नाही. पण वहीच भाड्याच्या कपाटात असेल आणि खजिनदार बदलला, जुन्या खजिनदाराचं क्रेडिट कार्ड संपलं, आठवणीची पत्रं त्याच्याच जुन्या पत्त्यावर गेली, तर काय होतं? स्वयंसेवकांच्या संस्थांत असे प्रकार कसे घडतात हे हिशेब तपासणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्यांना नुसती सोय हवी त्यांनी सगळं भाड्याने घ्यावं, माझी हरकत नाही. मात्र पत्त्यांची आणि पत्रांची प्रत घरच्या डिस्कवर हवी आणि डोमेन व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावावर हवं. या दोन अटींवर तडजोड नाही.

"गूगल ग्रुप्स फुकट आहे." आहे, आणि चांगलं चालतं. ते उद्या बंद पडेल असं मी म्हणत नाही. पण २०१०मध्ये याहूबद्दलही कुणी तसं म्हणत नव्हतं.

एकूण खर्च मांडू. वीज २० डॉलर, डोमेन १५, पोस्टमन ६०. वर्षाचे ९५. दोनशे घरांत वाटले तर घरटी अर्धा डॉलरही नाही. जागा? आठवड्याला पाच पत्रं, प्रत्येकी २० केबी धरली तर वीस वर्षांची पत्रं शंभर एमबीच्या आसपास. तुमच्या फोनमधल्या एका 'सुप्रभात' व्हिडिओच्या चार-पाच पट. आणि ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, जी वाचायला कुठलंही ॲप लागत नाही.

व्हॉट्सॲप काढून टाका असं मी म्हणत नाही. 'बर्फामुळे आज शाळा बंद' हे तिथेच टाका. पण तिथे कुणी तीन परिच्छेद लिहीत नाही. हात जोडलेल्या बाहुलीखाली वाढदिवस, त्याखाली फॉरवर्ड, त्याखाली कुणीतरी विचारलेला खरा प्रश्न, तो गेला वाहून. आणि एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. आपल्याच भागातल्या एका गटाचं, नाव घेत नाही, असं झालं की ॲडमिन भारतात परत गेले, नंबर बंद झाला, नव्या पालकांना आत घ्यायला कुणी उरलं नाही. नवा गट निघाला आणि कितीतरी घरं जुन्या गटात वाट बघत राहिली. त्यात भाषा नीट न येणारे नवे आजी-आजोबा जास्त, कारण त्यांना कुणी वेगळा फोन केला नाही.

आणि आता मुलं. खरं तर ही पोस्ट त्यांच्यासाठीच आहे.

आपली मुलं फोनवर बोटं फिरवण्यात पटाईत आहेत, पण एक पत्र इथून पुण्याला कसं जातं हे विचारा. गप्प. लिस्टसर्व्ह हा आपोआप चालणारा मेलिंग लिस्टचा प्रोग्राम १९८६मध्ये पॅरिसमधल्या एरिक टॉमस नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने लिहिला. विद्यार्थ्याने, बरं का! कंपनीने नव्हे. आपली मुलं त्याच्यापेक्षा कमी हुशार आहेत का? नाहीत. त्यांना खरं काम कुणी देत नाही, एवढंच. आपण त्यांना रोबोटिक्सच्या वर्गाला घालतो, जिथे रोबो बिघडला तर कुणाचंच काही अडत नाही. इथे यादी बंद पडली तर दोनशे मावश्यांचे फोन येतील. जबाबदारी यालाच म्हणतात, आणि ती पैसे भरून शिकता येत नाही.

शिवाय मराठी. यादीत आलेल्याला जाणारं स्वागताचं पत्र मराठीत कुणी लिहायचं? यादीतून नाव काढायची सूचना? 'आपले पत्र मोठे असल्याने अडकले आहे' हे एखाद्या आजोबांना, त्यांचा मान राखून, कसं कळवायचं? ते त्या मुलीने लिहायचं. चुका होतील, आपण लाल पेनाने सुधारू. शाळेच्या धड्यातलं 'मामाच्या गावाला' ती पाठ करते आणि विसरते. दोनशे घरांना स्वतःच्या सहीने गेलेलं मराठी पत्र ती विसरणार नाही.

"वेळ कुठे आहे?" हे मला सांगू नका. मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मी घरात कुणाला दिसत नाही, तरी बोलते आहे. मंडळाच्या दिवाळीला सहाशे माणसांच्या जेवणाचं नियोजन करणाऱ्या लोकांना तीन वीकेंड मिळत नाहीत, हे मी मान्य करणार नाही. नसेल जमत तर यंत्र परत नेण्याची सोय आहे. जुने कॉम्प्युटर निर्मात्यांनी विनामूल्य परत घ्यावेत असा टेक्सासचा कायदा २००७मध्येच झाला. प्रयोग फसला तरी तुमच्या गराजमध्ये भंगार राहणार नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. तुमच्या मंडळाच्या, शाळेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हात वर करा आणि तीन प्रश्न विचारा. सभासदांच्या पत्त्यांची संपूर्ण यादी या क्षणी कुठे आहे? ती आज रात्री कोण उतरवून घेऊ शकतं? आणि ती व्यक्ती उद्या इथून गेली तर परवा कोण? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. तिन्ही धड आली तर माझी पोस्ट विसरा. नाही आली, तर सोमवारी ऑफिसच्या आयटी विभागाला विचारा की भंगारात काय निघतंय.